बोरीचा पाला

जानेवारीतला उत्तरेचा वारा, आणि त्या वाऱ्यावर आलेला पिकल्या बोरांचा वास! बसच्या पायरीवरून खाली उतरताना समुद्राच्या खारट, ओलसर दर्पातून वाट काढत तो आंबूस, पिठूळ, किंचित मधाळ गंध असा काही नाकाशी आला, की मी जागीच थबकलो आणि मागून उतरणारी मंडळी माझ्या पाठीवर येऊन आदळली. अर्धी हयात कतारमध्ये गेली माझी. इथल्या हवेला अत्तराचा वास असतो, ऊदाचा असतो, तापलेल्या डांबराचा असतो, हे मी जाणून होतो, पण बोरांचा? नाशिकजवळच्या आमच्या शेताच्या बांधावरचा हा वास या वालुकामय किनाऱ्यावर कुठून आला असेल? रूप आणि नाद दारावर टकटक करून आत येतात; गंध मात्र कुणाला न विचारता थेट माजघरात जाऊन बसतो. माझ्याही मनाच्या माजघरात तो जाऊन बसला आणि सकाळपासूनचा माझा सगळा वैताग विरघळून गेला.

वैताग कसला म्हणाल, तर नेहमीचाच. आम्हा दोह्यातल्या मराठी मंडळींची दर हिवाळ्यात एक सहल निघते. ठरलेल्या वेळी आमच्या बिन महमूद वस्तीच्या चौकात फक्त मी आणि बसचा ड्रायव्हर असे दोघंच उभे असतो. बाकीचे लोक केस वाळवत, डबे सावरत, मुलांना ओढत सावकाश उगवतात. मी चिडतो, सगळे हसतात, आणि मग बस हलते. माझ्या चिडण्याला आता या शहरात कुणी भीक घालत नाही, असा माझा समज होता. तो किती खोटा होता, हे त्याच दिवशी संध्याकाळी कळणार होतं.

बसमध्ये बटाटेवड्यांचा घमघमाट, अंताक्षरीचा गोंगाट. पोरं कानात बोंडं घालून बसलेली. आई मराठीतून विचारणार, पोर इंग्रजीतून उत्तर देणार, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटणार नाही! माईक हाती आलेल्या एका उत्साही गृहस्थांनी माझी ओळख ‘दोह्यातले आपले पायोनिअर’ अशी करून दिली. आज आपण एका खऱ्याखुऱ्या पायोनिअरचं घर बघायला चाललोय, तेव्हा आमच्या पायोनिअरनी त्याला नमस्कार सांगावा, अशी पुस्तीही जोडली. टाळ्या पडल्या. मी हात जोडले. निवृत्ती तोंडावर आलेल्या पाइपलाइन इंजिनियरला आणखी काय हवं?

ते घर कतारच्या उत्तर टोकाच्या मदिनत अश शमाल गावाच्याही पलीकडे, समुद्राला टेकलेल्या एका निर्मनुष्य गावात आहे. गाव म्हणजे काय, तर छपरं उडालेल्या भिंती, दरवाजे नसलेल्या चौकटी, आणि भरतीच्या पाण्याकडे तोंड करून उभी असलेली एक मशीद. समुद्रातून मोती काढण्याच्या दिवसांत एक कुटुंब होडीतून इथे आलं, त्या घरातल्या कर्त्या माणसाने विहीर खणली, समुद्रातल्या दगडांनी आणि चिखलाने पहिलं घर उभारलं, आणि त्याच्या मागोमाग आणखी घरं झाली. पुढे मोती संपले, तेल आलं, माणसं शहराकडे गेली. आता त्याच्या वंशजांनी तेवढं एक घर डागडुजी करून पाहुण्यांसाठी उघडं ठेवलं आहे. हे सगळं त्याची पणती, नूरा नावाची कॉलेजातली चुणचुणीत मुलगी, आम्हाला इंग्रजीतून सांगत होती. घर थंडगार होतं. खोल्या लहान, भिंती हातभर जाड, छताला लाकडी वासे आणि त्यांवर खजुरीच्या चटया. एखादं घर माणसांच्या मापाने बांधलेलं असलं, की परक्यालाही तिथे पाय पसरून बसावंसं वाटतं, नाही का?

पण माझं लक्ष घरात नव्हतं. अंगणात, विहिरीच्या काठाला, ते झाड उभं होतं. बोर! पसरलेली, काटेरी, फांद्या जमिनीपर्यंत वाकलेल्या, आणि पानोपानी गोल, पिवळी-तांबूस, गोटीएवढी बोरं. इथले लोक तिला सिद्र म्हणतात. आपल्या गावरान बोरीची ती सख्खी बहीण असावी. तोच काटा, तेच पान, तीच सावली. नूराला विचारलं, तर ती हसून म्हणाली, हवी तेवढी घ्या, इथे आता खायला कोण उरलंय! बस्स, एवढं म्हणायचा अवकाश, आमच्या बायकांनी ओढण्या पसरल्या, पुरुषांनी टोप्या पुढे केल्या, आणि इतिहास बघायला आलेली सुशिक्षित मंडळी झाडावर तुटून पडली. एका मुलाने मला विचारलं, “आजोबा, हे खायचं असतं? लाइक, रिअली?” त्याच्या तोंडात मी एक बोर कोंबलं आणि पुढच्या फांदीकडे वळलो.

माझी गरज इतरांहून मोठी होती. दुसऱ्या दिवशी माझ्या नातीचं, रेवाचं, बोरन्हाण होतं. संक्रांतीनंतरच्या त्या दिवसांत तान्ह्या लेकराला काळं झबलं घालून, हलव्याचे दागिने लेववून पाटावर बसवायचं, आणि त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, तिळाच्या रेवड्या ओतायच्या. भोवतीच्या पोरांनी ते सगळं लुटायचं. केवढा लोभस सोहळा! ऋतूने आपली ओंजळ बाळाच्या माथ्यावर रिकामी करावी आणि आयुष्याला सांगावं, याला ओळखून ठेव. दोह्यात सगळं मिळतं, पण बोरं मिळतात ती सफरचंदाएवढी. ती डोक्यावर ओतली तर सोहळ्याऐवजी इस्पितळ गाठावं लागेल. त्यामुळे माझी बायको सुलभा हवालदिल झाली होती. ती दोह्यातल्याच फरीज बिन ओमरान वस्तीत लेकीकडे आठवडाभर मुक्काम ठोकून हलवा काढत होती, आणि मला तिची सक्त ताकीद होती: कुठेही बोरं दिसली तर घेऊन या, आणि पानासकट डहाळ्याही आणा, पाटाभोवती मांडायला.

आणि ही हौस नुसती हौस नव्हती, हेही तुम्हाला सांगायला हवं. गायत्रीचं, आमच्या मुलीचं, हे दुसरं बाळ. पहिला मुलगा झाला तो श्वास न घेताच. त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरात कुणी मोठ्याने बोललं नव्हतं. रेवा आली, हसली, रांगू लागली, तरी गायत्री रात्री उठून तिच्या नाकाशी बोट धरून बघते. त्यामुळे या बोरन्हाणात काहीही उणं राहू नये, कशाचंही सावट पडू नये, असं आम्हा दोघांना आतून वाटत होतं. मी विज्ञान शिकलेला माणूस, शकुन-अपशकुन मानत नाही. निदान त्या दुपारपर्यंत मानत नव्हतो.

मी बोरांची पिशवी भरली आणि मग पाल्याला हात घातला. चांगल्या भरघोस, हिरव्यागार डहाळ्या निवडून तोडल्या, काखोटीला मारल्या, आणखी तोडल्या. तेवढ्यात घराच्या सावलीतून एक वृद्धा काठी टेकत माझ्याकडे आली. काळा अबाया, चेहऱ्यावर इकडच्या जुन्या बायका लावतात तो चकाकता बतूला, म्हणजे अर्धा मुखवटा, त्यातून दिसणारे ओलसर डोळे. नूराची आजी होती ती. याच घरात जन्मलेली. माझ्या हातातल्या पाल्याकडे तिने पाहिलं, छातीवर हात ठेवला, आणि अगदी मृदू आवाजात अरबीतून काहीतरी म्हणाली. माझी अरबी यल्ला, खलास, शुक्रन, इन्शाल्ला यांच्या पुढे कधी गेलीच नाही. मला वाटलं, म्हातारी कौतुकाने घ्या घ्या म्हणते आहे. मी तोंडभर हसलो आणि म्हणालो, “शुक्रन! शुक्रन!”

तिचे डोळे विस्फारले.  तिने तेच पुन्हा म्हटलं. मी आणखी मोठ्याने हसून पाला उंचावून दाखवला.

सहलीला आलेल्या जुबैदाभाभी घरात नमाज आटोपून नेमक्या त्याच वेळी बाहेर आल्या. बिन महमूदला आमच्या वरच्याच मजल्यावर राहतात त्या. मूळच्या रत्नागिरीकडच्या, एका दवाखान्यात रिसेप्शनवर असल्यामुळे अरबी त्यांच्या जिभेवर. त्यांनी वृद्धेचं बोलणं ऐकलं, माझा हसरा चेहरा पाहिला, आणि त्यांचा स्वतःचा चेहरा पांढराफटक पडला.

“भाऊ, हसू नका,” त्या माझ्या बाहीला धरून म्हणाल्या. “ती तुमचं सांत्वन करतेय. विचारतेय, घरात कोण वारलं?”

“वारलं? कोणी नाही! असं का विचारते ती?”

“पाला तोडलाव ना तुम्ही. मयताला न्हाणतात त्या पाण्यात हा पाला घालतात. कोणी असा भारा तोडायला आला, म्हणजे घरात मयत असणार, असं वाटलं तिला.”

“हे इथल्या लोकांत?”

“आमच्यात पण तसंच, भाऊ. आमच्या गावाला कब्रस्तानाच्या कडेला बोर असतेच. तुम्हाला ठावं नव्हतं?”

नव्हतं! शपथेवर सांगतो, नव्हतं. पायाखालची वाळू सरकणे हा वाक्प्रचार मी आयुष्यभर वापरला, पण खरोखरीच्या वाळूवर उभं राहून त्याचा अर्थ त्या क्षणी कळला. डहाळ्या काखेतून गळून पडल्या. वृद्धा बोलत होती, भाभी सांगत होत्या, आणि मी ऐकत होतो. गाव वसवणाऱ्या पहिल्या पुरुषाने विहिरीमागोमाग हे झाड लावलं. गावात कुणीही गेलं तरी पाला याच झाडाचा. तिने स्वतःच्या आईसाठी इथूनच नेला, नवऱ्यासाठी इथूनच, आणि एका तान्ह्या लेकरासाठीही. गाव उठून गेलं, पण अजूनही जुन्या घरांतलं कुणी गेलं, की एखादी गाडी शहरातून इथवर येते, पाला तोडते आणि मुकाट्याने परत जाते. मग तिने विचारलं, तुम्हाला कशाला हवा? भाभींनी क्षणभर माझ्याकडे पाहून खरं ते सांगितलं, नातीला न्हाऊ घालायला.  आमच्या लेकरांचे केस आम्ही यानेच धुवायचो, असं काहीसं वृद्धा पुटपुटली, माशाल्ला म्हणाली, आणि सावलीत जाऊन बसली. जाण्याआधी वाकून तिने पडलेल्या डहाळ्या उचलल्या आणि माझ्या हाती दिल्या.

परतीची बस निघाली. बोरांची पिशवी मांडीवर, पाला पायाशी. बाहेर सपाट, रापलेली भूमी मागे पळत होती, आत पुन्हा अंताक्षरी सुरू झाली होती. मी स्वतःशी वाद घालत होतो. वेड्या, तुळशीचं पान नैवेद्यावर ठेवतोस आणि तेच मरणाऱ्याच्या मुखातही ठेवतोस, तेव्हा तुळस कधी अशुभ वाटली का? सुलभा इथल्या सूकमधून, म्हणजे बाजारातून, आणते ती केसांना लावायची पूड सिद्राचीच ना? पाणीसुद्धा तेच नव्हे काय, जन्मलेल्याला आणि गेलेल्याला न्हाणणारं? बुद्धीला सगळं पटत होतं. हाताला पटत नव्हतं.  गेलेल्या नातवाचं लहानसं पांढरं गाठोडं डोळ्यांपुढून हलेना. आणि दुसरं शल्य त्याहून खोल होतं. इतकी वर्षं एका जिन्याने चढलो-उतरलो आम्ही. ईदचा शीरखुर्मा आमच्याकडे आला, होळीची पुरणपोळी त्यांच्याकडे गेली. एकमेकांचे सण आम्ही पोटभर खाल्ले, पण एकमेकांचं मरण कधी विचारलं नाही. कोकणात, माझ्याच महाराष्ट्रात, माझ्याच भाषेत बोलणारी माणसं आपल्या माणसाला निरोप कसा देतात, हे मला एका परक्या गावात कळावं!

पेट्रोल पंपावर बस थांबली. मी पिशवी आणि पाला उचलला आणि कचरापेटीच्या दिशेने निघालो. मागून जुबैदाभाभी घाईघाईने आल्या.

“टाकू नका, भाऊ.”

“घरी कुणाला सांगू नका भाभी हे. बोरं मिळाली नाहीत, असं सांगेन मी. गायत्रीला कळलं तर...”

“गायत्रीला ठावं हाय.”

मला काहीच उमजेना. त्या खाली बघून बोलत राहिल्या. “रागवायचं नाय. तिचं पहिलं बाळ... त्याला इस्पितळात मीच न्हाणलेलं. सुलभाताई भोवळ येऊन पडलेल्या, जावई समुद्रात रिगवर, तुम्ही खाली कागदपत्रांच्या मागे. नर्स विचारायला आली, बाळाला आंघोळ कोण घालणार? गायत्रीने माझ्याकडे बघितलं. मला ही एकच रीत येते, भाऊ. घरून पाल्याची पूड घेऊन आले. नुसत्या पाण्याने कसं पाठवू लेकराला?”

“आणि गायत्री?”

“ती खाटेवर बसून पाणी ओतत होती. मी न्हाणत होते. मग म्हणाली, मावशी, बाबांना सांगू नका. बाबा रागावतील.”

बसचा हॉर्न वाजला.  आज कितीतरी धक्के खाल्ले होते मी, पण या शेवटच्या दोन शब्दांनी जे झालं ते आधीच्या कशानेच झालं नव्हतं. बाबा रागावतील! मेलेल्या लेकरावर पाणी ओतणाऱ्या माझ्या मुलीला त्या घडीला माझी भीती वाटली? चौकात लोक उशिरा आले म्हणून ओरडणारा, जेवणात मीठ कमी पडलं म्हणून ओरडणारा हा आवाज सगळे हसण्यावारी नेतात, असं मी समजत होतो. आणि माझी लेक मात्र आपलं सर्वांत मोठं दुःख त्या आवाजापासून लपवून ठेवत होती.   पिशवी आणि पाला घेऊन मी बसमध्ये चढलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी फरीज बिन ओमरानच्या त्या फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सतरंज्या अंथरलेल्या, पाट मांडलेला, काळ्या झबल्यातली रेवा कानातला हलव्याचा डूल ओढून खाण्याच्या खटपटीत. जावई कॅमेरा घेऊन गुडघ्यांवर बसला होता. जुबैदाभाभी आल्या होत्या, पण दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसल्या होत्या. मी गायत्रीला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटलं आणि ओट्यावर पिशवी आणि पाला ठेवला. रात्रभर जुळवलेली वाक्यं ऐन वेळी पळून गेली. जमेल तसं सांगितलं: झाड कुठलं, वृद्धेने काय विचारलं, मी कसा हसलो, पंपावर भाभी काय म्हणाल्या. ही बोरं ओतायची की नाही, तूच ठरव, म्हणालो. तुझं मन कचरलं तर इथल्या इथे टाकून देऊ, आईला मी बघून घेईन.

 गायत्रीने पाल्यातून एक डहाळी ओढून काढली. एक पान तोडलं, तळहातावर ठेवलं, अंगठ्याने चुरडलं.

“मी नुसती पूडच पाहिली होती,” ती म्हणाली. “हे असं असतं होय?”

मी मान हलवली.

“रागावलात, बाबा?”

“नाही गं.” माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

ती त्या चुरडलेल्या पानाकडे बघत होती. डोळे भरले होते, पण चेहरा शांत होता. इतका शांत मी तो त्या इस्पितळानंतर पाहिला नव्हता.

“म्हणजे बाबा,” ती सावकाश म्हणाली, “त्याचंही बोरन्हाण झालं होतं.”

बाहेरून सुलभा बोरांसाठी हाका मारत होती, पोरं ओरडत होती.   गायत्रीने डोळे पुसले, बोरं धुऊन परातीत ओतली, आणि परात माझ्या हातांत दिली. मी ती घेऊन बाहेर आलो. सुलभाने हात पुढे केले. तिला ओलांडून मी दाराजवळच्या खुर्चीपाशी गेलो आणि म्हणालो, “चला भाभी, पहिली ओंजळ तुमची.”